खोड काढणारं गिऱ्हाईक

आमच्या घरात आवडलेल्या गोष्टीला चांगलं म्हणायची पद्धत नव्हती. याला कारण आप्पांचा धंदा. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेळ्या-मेंढ्यांचे व्यापारी. दर रविवारी सांगोल्याच्या बाजारात जायचं, दहा-पंधरा शेरडं पारखून घ्यायची, सोलापूरला आणायची आणि आठवडाभर चारापाणी करून गिऱ्हाईक बघून विकायची. या धंद्याचा पहिला नियम असा की जनावर मनात भरलं की आधी तोंड वाकडं करायचं. "कान फाटका हाय की वो." "मागचा पाय फेंगडा टाकतंय." एकदा तर एका देखण्या बोकडाला काहीच नाव ठेवता येईना, तेव्हा आप्पा म्हणाले, "आवाज लई बारीक हाय ह्याचा." बोकडाच्या आवाजात खोड काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. जनावर आपल्याला हवंय हे मालकाला कळलं की भाव चढलाच म्हणून समजा.

ही सवय बाजारातून घरात शिरली आणि ठाण मांडून बसली. आईने हौसेने साडी आणली की आप्पा पदर चिमटीत धरून म्हणायचे, "रंग जरा भडकच हाय." दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा त्यांनी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "इतिहासात का कमी पडले?" आई त्यातल्या त्यात मोकळी. ती घरी बसून शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवायची आणि मशीन चालू असताना एकटीच गुणगुणायची. पण आप्पांची चप्पल दारात वाजली की तिचंही गाणं बंद. मी तर बापाचीच पोर. मैत्रिणीने वाढदिवसाला ड्रेस दिला तर मी शिवण ताणून बघितली आणि म्हणाले, "हितं उसवणार बघ." ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तो ड्रेस मी पुढे विटेपर्यंत घातला.

मी तेव्हा टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. एके दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या वर्षी एक सेमिस्टर परदेशी कॉलेजात करायची एक जागा आमच्या विभागाला मिळाली होती आणि मुलाखतीतून माझं नाव निघालं होतं. देश पोर्तुगाल. डोंगरातलं एक गाव, पिढ्यान्‌पिढ्या लोकरीवर जगलेलं. तिथल्या कॉलेजची फी माफ. तिकीट, व्हिसा, राहणं आणि खाणं आपलं. सर बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या कागदातली एकच ओळ परत परत वाचत होते. तिथल्या प्रयोगशाळेत जाड्याभरड्या लोकरीवर काम चालायचं. कापडाला नालायक ठरलेली लोकर दाबून तिचे जाड तक्ते करायचे आणि ते घराच्या भिंतीत बसवायचे, म्हणजे बाहेरचं हवामान आत येत नाही.

मला काय झालं ते कसं सांगू? आमच्या गोठ्यामागे लोकरीची पोती सडत पडलेली मी लहानपणापासून बघत आले होते. आमच्या मेंढ्यांची लोकर राठ, टोचणारी. पूर्वी तिची घोंगडी व्हायची. आता घोंगडी कोण घेतो? कातरणाऱ्याला उलट आपणच पैसे द्यायचे आणि कातरलेली लोकर बांधावर फेकायची. आणि इथे या कागदावर लिहिलं होतं की ती भिंतीत घालतात! सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला विचारा, भिंतीत ऊन अडवणारं काही असणं म्हणजे काय असतं ते. मला तिथल्या तिथे उड्या माराव्याशा वाटल्या. मारल्याही. केबिनबाहेर, जिन्यात, कुणी नाही असं बघून तीन.

घरी येताना स्कूटी मी जवळजवळ गात चालवली. विजापूर रस्त्याला लागले, आमची गल्ली दिसली आणि सवयीने तोंडावरचं हसू आवरलं. दारात पोचेपर्यंत माझा चेहरा एखाद्या मयताला जाऊन आल्यासारखा झाला होता.

"पोर्तुगालला सहा महिने शिकायला बोलावलंय," मी चप्पल काढता काढता म्हणाले. "लांब हाय लई. पाऊस असतो म्हणं."

आईने मशीन थांबवलं. "पोर्तुगाल म्हंजे, गोव्यात आल्ते ते?"

"तेच."

"मग आता तुला कशाला बोलवायलालेत?"

आप्पा अंगणात एका शेळीची पाठ चाचपत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती?"

"पाच लाख."

"तीन."

"आप्पा, ही काय शेळी हाय व्हय?"

"साडेतीन."

"साडेचार. त्याच्या खाली न्हाय जमत."

"चार," म्हणून त्यांनी शेळीच्या पाठीवर थाप मारली. सरांच्या कागदावर चारच होते. बाप पाडून मागणार म्हणून मी एक चढवला होता आणि पोरगी चढवून सांगणार म्हणून त्यांनी एक उतरवला होता. आम्ही दोघं आपापल्या जागी खूश झालो आणि अर्थातच दोघांनीही तसं दाखवलं नाही.

पण चार लाख म्हणजे आमच्या घरात काय होतं ते सांगायला हवं. ते आप्पांच्या गाडीचे होते. रविवारी बाजारातून जनावरं आणायला ते भाड्याचा पिकअप करत. ड्रायव्हर निघेल तेव्हा निघायचं, तो थांबेल तिथे थांबायचं. मागच्या उन्हाळ्यात तो वाटेत कुणाच्या तरी लग्नात जेवायला उतरला आणि आप्पांच्या तीन शेळ्या उभ्या उन्हात गाडीतच मेल्या. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांनी जुना का होईना, स्वतःचा पिकअप घ्यायचा चंग बांधला होता. गाडी आली की ती दर रविवारी चार पैसे आणणार. आणि माझे सहा महिने काय आणणार? तिथली पदवी मिळणार नव्हती, नुसता एक गुणांचा कागद. शिवाय त्याच सेमिस्टरला कंपन्या आमच्या कॉलेजात नोकऱ्या द्यायला येतात. मी इथे नसेन, तर ती संधी हुकणार. सरांनी हे मला स्पष्ट सांगितलं होतं. संमतीचा अर्ज भरायला तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत आप्पांनी पोर्तुगालची जी सालटी काढली, तशी कुणी काढली नसेल. मी रोज कॉलेजातून नवी माहिती घेऊन यायची आणि ते रोज तिच्यात खोड काढायचे. देशाला समुद्र आहे म्हटलं तर "दमट हवा, छातीला वाईट." गाव डोंगरात आहे म्हटलं तर "चढउतार करून पाय जात्यात." लोक चांगले आहेत म्हटलं तर "चांगल्या लोकांचं काय सांगावं?" पावाशिवाय जेवत नाहीत हे कुठून तरी त्यांच्या कानावर आलं, तर दोन दिवस तेच. "ज्या देशात भाकरी न्हाय तितं माणूस कसा जगंल?" मी म्हणाले, माणसं जगतायत की चांगली. तर म्हणाले, "जगत्यात, पण कशी जगत्यात ते बघाया पायजे."

आमच्याच विभागातली एक ताई दोन वर्षांपूर्वी तिथे जाऊन आली होती. आता ती इचलकरंजीला नोकरी करते. एका संध्याकाळी मी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आप्पांपुढे धरला. मला वाटलं ते अवघडतील. ते तर गादीवर मांडी घालून असे बसले, जणू मुलगीच बघायला आलेत.

"पाणी कसं हाय तितलं?"

"गोड आहे काका. नळाचंच पितात."

"दवाखाना किती लांब?"

"चालत दहा मिनिटं."

"तू रडलीस का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता.  ताई म्हणाली, "पहिले दोन महिने रोज. भाषा कळेना, वर्गात कुणी बोलेना. मग एक दिवस मशीनवर माझं काहीतरी चुकलं, सगळे हसले, मीपण हसले. त्यानंतर नाही रडले."

"आन् आता? जाऊन काय फायदा झाला?"

"नोकरी तर इथेच राहिलेल्यांनाही लागली, काका. खोटं कशाला बोलू? पण मला आता कुणाला काही विचारायची भीती वाटत नाही. आधी फार वाटायची."

आप्पांनी मान हलवली. मग तिने तिथले फोटो फोनवर पाठवले. वर्ग, मशीन, बर्फ पडलेली गल्ली. ते त्यांनी भराभर पुढे ढकलले. एका फोटोत डोंगरावर मेंढ्या चरत होत्या, गळ्यात मोठ्या घंटा, शेजारी वासराएवढा कुत्रा. आप्पांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांनी फोटो मोठा कसा करायचा हे त्यांना येत नव्हतं. ते त्यांनी त्या मिनिटाला शिकून घेतलं.

"दुधाची मेंढी हाय ही," ते म्हणाले. "कास बघ." आणि लगेच, "पण पाय आखूड हायत. आपल्याकडं दोन कोस चालायची न्हाय."

झालं. माझं डोकंच फिरलं. देशाला नावं ठेवली, हवेला ठेवली, पावाला ठेवली, ते मी ऐकून घेतलं. आता माणूस परक्या मेंढ्यांच्या पायावर घसरला! कॉल बंद झाल्यावर मी पदर खोचलेल्या बाईसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "नको तर नको म्हणा की सरळ! रोज उठून कशाला टोमणे? माझं काय अडलंय? मी न्हाय गेले तरी चालतंय. हितंच नोकरी लागती मला."

खरं तर मी रडायच्या बेतात होते. पण सवय अशी की नेमक्या त्याच वेळी माझा आवाज कोरडा खडखडीत झाला आणि 'न्हाय गेले तरी चालतंय' हे मी इतकं सफाईदार बोलले की बाजारात कुणी ऐकलं असतं तर शाबासकी दिली असती. आप्पांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.  उठून शेळ्यांना पाला टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकही खोड काढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी सकाळी चहा पिताना आपण होऊन म्हणाले, "कॉलेज झ्याक हाय तुझं. देश बी झ्याक. मेंढ्या तर लई झ्याक."

मी कप खाली ठेवला आणि आत पळाले. मला हुंदका आणि हसू एकदमच आलं. माझ्या आयुष्यात आप्पांनी एका दमात तीन गोष्टींना चांगलं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी कपाटातून बॅग काढली, धूळ झटकली, तिच्यात काय काय बसेल ते बघायला लागले. शेंगाचटणी किती न्यायची? वाळवलेल्या कडक भाकऱ्या विमानात चालतात का? ताईला मेसेज टाकला, "घरचे तयार!!!" तीन उद्‌गारचिन्हं. मग आईजवळ जाऊन तिच्या मशीनवरच दोन्ही हात पसरून आडवी झाले, कॉलरींच्या ढिगावर. "आई, आप्पा झ्याक म्हणाले! तीनदा!"

आईने मला ढकललं नाही. ती हसलीही नाही. "येडे," ती म्हणाली, "तुझा बाप घ्यायच्या वस्तूला कवा झ्याक म्हणलाय का?"

"म्हंजे?"

"घ्यायचं असलं की खोड काढतो. सोडायचं असलं की झ्याक म्हणतो आन् म्होरं जातो. मालकाला वाईट वाटू नये म्हणून. एवढी वर्सं त्याच्यासंगं बाजारात जाती, येवढं बी कळलं न्हाय तुला?"

मी तशीच पडून राहिले. आणि मला एकेक आठवायला लागलं. बाजारात रांगेने बांधलेली जनावरं, आप्पा पुढे चाललेले, मागे मी. "झ्याक हाय पाव्हणं तुमचं कोकरू," म्हणायचे, मालकाच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि थांबायचे नाहीत. ज्याच्यापुढे थांबायचे त्याच्याशी तासभर वाद, शिव्या, तुटका कान, फेंगडा पाय. आणि शेवटी तेच जनावर आमच्या भाड्याच्या गाडीत. तीन आठवडे आप्पा पोर्तुगाल विकत घेत होते. पाण्याची, दवाखान्याची, पावाची, एकेक खोड काढून पारखत होते. आणि मी त्यांना सांगितलं होतं, न्हाय गेले तरी चालतंय. खुद्द ज्याचा माल, त्यालाच गोडी नाही, असं पाहिल्यावर गिऱ्हाईक पुढे जाणारच.

"आन् उद्या गाडीचा विसार द्यायलालेत," आई म्हणाली. विसाराची रक्कम आगाऊ हातावर ठेवली की शब्द दिला. मग माघार नाही. "करमाळ्याकडचा कोण व्यापारी हाय, त्याचा जुना पिकअप हाय म्हणं. उद्या बाजारात आणणार हाय."

सोमवारी माझा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता.

आईनेच सांगितलं, आत्ता जाऊन बोल. पण आप्पा चारा आणायला बाहेर पडले होते आणि परत आले ते चार माणसं बरोबर घेऊन. मग रविवारी पहाटे ते निघाले तेव्हा मीपण भाड्याच्या गाडीत चढून बसले. त्यांनी विचारलं, "तू कशाला?" मी म्हणाले, "सहज." बघा, तेव्हासुद्धा सहज! सगळ्या रस्ताभर ड्रायव्हर आमच्या दोघांच्या मध्ये बसल्यासारखा बडबडत होता आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. एकही वाक्य तोंडातून बाहेर आलं नाही.

बाजार नेहमीसारखा भरला होता. धूळ, शेरडांची बें-बें, लेंड्यांचा वास, भज्यांच्या गाड्यावर उडालेली झुंबड. मला तो बाजार फार आवडतो, अगदी खरं सांगते. कडेला लिंबाखाली पांढरा पिकअप उभा होता. करमाळ्याचे व्यापारी, झुपकेदार मिशांचे, बॉनेटला टेकून तंबाखू मळत होते. आप्पा गाडीभोवती फिरले. टायर लाथेने ठोकलं. मागचा फाळका उघडून आपटला.

"पत्रा गंजलाय की वो."

मी दोन पावलं पुढे सरकले.

"टायरं बी गेलीत. आन् हारन? ह्यो काय हारन हाय? शेरडू वरडल्यावानी वाजतोय."

हॉर्नलाही खोड! म्हणजे गाडी त्यांच्या मनात पुरती भरली होती. व्यापारी म्हणाले, बसा की, सौदा करू. आमच्या बाजारात खरा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी हात मिळवायचे, वर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बघणाऱ्या चारचौघांना पत्ता लागत नाही. जन्म त्यातच गेलेली ती दोन माणसं, गाडीचा सौदाही तसाच करायला बसली. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातांवर टाकला. टॉवेल हलायला लागला. व्यापाऱ्यांनी मान नकारार्थी हलवली. टॉवेल परत हलला. बघ्यांचं कोंडाळं जमलं. व्यापाऱ्यांची मान या वेळी जरा हळू हलली. मला कळलं की आता आणखी एकदा, फार तर दोनदा, आणि मग हात बाहेर येतील, टाळी वाजेल.

"आप्पा!" मी ओरडले. "मला जायाचं हाय!"

कोंडाळं वळलं. पलीकडचा बोकडवाला वळला. भज्यांच्या गाड्यावरची बाई झारा हातात घेऊन बघायला लागली. आता काय राहिलं होतं? माझा आवाज फुटला होता आणि तो आवरायची मला इच्छाच उरली नव्हती. "मला लई जायाचं हाय! पहिल्या दिवसापासनं जायाचं हाय! तुमाला सांगताना मी खोटं तोंड केलं!"

टॉवेल थांबला. पण हात आतच होते.

"कुटं जायाचं म्हणती पोरगी?" करमाळ्याच्या व्यापाऱ्यांनी विचारलं. "नांदायला का काय?"

"शिकायला," आप्पा म्हणाले. "पोर्तुगालला."

"ते कुटं आलं?"

"गोव्याच्या म्होरं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी हात टॉवेलखालून काढून घेतला.

आम्ही चहाच्या टपरीमागच्या बाकावर बसलो. आप्पांनी चहा बशीत ओतून फुंकला.

"त्या दिवशी न्हाय गेले तरी चालतंय म्हणलीस," ते म्हणाले.

"तुमीच शिकवलंय की. हवंय म्हणून दाखवायचं न्हाय."

"ते बाजारात! घरात तसं वाग म्हणून कोण सांगितलं तुला?"

"आन् तुमी? तीन आठवडं मेंढ्यांचं पाय मोजत बसला ते?"

 आप्पा हसायला लागले, चहा सांडेपर्यंत. मीपण हसले. हसता हसता माझे डोळे वाहायला लागले आणि ते त्यांनी पाहिलं. "मला वाटलं तुला नको हाय," ते हळू म्हणाले. "सरांनी निवडलं म्हणून जायलालीस. पोरीलाच जायाचं न्हाय तितं मी तिला कशाला ढकलू? म्हणलं, गाडी तर गाडी."

मी ओढणीने नाक पुसलं.

"आता तू सांग," ते म्हणाले. "तुझा माल. सगळ्या खोडी सांग, एक बी न लपवता."

मी सांगितल्या. तिथली पदवी मिळणार नाही. इथे कंपन्या येऊन जातील, परत आल्यावर नोकरी मलाच दारोदार हिंडून शोधावी लागेल. तुमची गाडी लांबणीवर पडेल, आणखी एक उन्हाळा त्या ड्रायव्हरच्या मर्जीवर. पहिले दोन महिने मी रडणार. आणि लोकरीचं जे माझ्या डोक्यात आहे ते जमेलच असं नाही. कदाचित सहा महिन्यांत नुसती मशीनची नावंच पाठ होतील. हे सगळं मी मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होते. माझ्याच कानांना ते चांगलं वजनदार लागत होतं.

"आन् तरी?"

"तरी जायाचं हाय." आता माझा आवाज हलत नव्हता. "आप्पा, आपण जी लोकर बांधावर टाकतो ना, ती ते लोक भिंतीत घालत्यात. ते मला माझ्या हातांनी करून बघायचंय. ते बघितल्याशिवाय मला नोकरीत बी गोडी लागायची न्हाय."

त्यांनी बशी खाली ठेवली. "खोड सांगून घेतलेलं जनावर कुणी माघारी आणत न्हाय," ते म्हणाले आणि उठून करमाळ्याच्या व्यापाऱ्यांकडे गेले. लांबून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीकडे बघून काहीतरी म्हणाले. काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

आता मला ज्युनिअर मुली फोन करून विचारतात, ताई, बाहेर शिकायला जाणं परवडतं का? त्यांना आकडा हवा असतो. आकडा मी सांगते, पण त्याने कुणाचं समाधान झाल्याचं मला दिसलं नाही. मी त्यांना म्हणते, आधी घरच्यांसमोर बसून त्यातल्या सगळ्या खोडी मोठ्याने सांग. सांगून झाल्यावरही तुझा हट्ट उभा राहिला तर मला परत फोन कर.

सोमवारी आम्ही दोघं कॉलेजात गेलो. आप्पा पहिल्यांदाच आले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. केबिनच्या दारात चप्पल काढायला लागले तर सरांनी हाताला धरून आत आणलं. अर्जाच्या मागच्या पानावर पालकांसाठी एक चौकट होती. 'आपल्या पाल्याने हा अभ्यासक्रम का करावा, याविषयी पालकांचे मत, स्वहस्ताक्षरात.' खाली सहा रेघा.

आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. सही करतात, नावं लिहितात, पण मत लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. सर म्हणाले, "मी सांगतो, लिहा. पाल्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी..."

"थांबा की सर," आप्पा म्हणाले. त्यांनी काठी मुठीत धरावी तसा पेन धरला आणि एकेक अक्षर कोरत लिहायला लागले. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिले. पंखा फिरत होता, कागद फडफडत होता, तो त्यांनी डाव्या तळव्याने दाबून धरला होता. शेवटी त्यांनी कागद सरांकडे सरकवला. पहिल्या रेघेवर लिहिलं होतं, 'तिला जायचं आहे.'

सरांनी वाचलं. चष्मा वर करून परत वाचलं. "आणखी काही? पाच रेघा रिकाम्या आहेत."

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "एवडंच कळायला तीन आठवडं गेलं आमाला."

त्यांनी खाली सही केली आणि पेन माझ्याकडे दिला. विद्यार्थ्याच्या सहीची जागा त्याखाली होती. मी माझं नाव लिहिलं, अक्षरं रेघेबाहेर गेली, आणि तोंडावरचं हसू आवरायचं मला सुचलंसुद्धा नाही.